गेट नसलेल्यांचं निशाण

गिरणगावात एका युनियनला झेंड्याचंच नाव पडलं होतं. 1928 सालच्या संपात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन पुढे कागदोपत्रीसुद्धा कंसात 'लाल बावटा' असं लिहू लागली. झेंड्याचं नाव संघटनेला मिळावं इतका तो झेंडा लोकांच्या अंगवळणी पडला, त्यामागे रंगाची जादू होती तशी एक साधी सोयही होती. गिरणीला गेट होतं. पाळी सुटायची वेळ ठरलेली, भोंगा ठरलेला, गेटाबाहेर द्वारसभा आणि तिथेच एका बांबूला बावटा. गेटाच्या आत मालक आणि बाहेर आपण, एवढं भूगोलावरूनच कळायचं.

कचरावेचकाला गेट नाही, आणि या लेखातला सगळा प्रश्न तिथूनच निघतो. तिच्या कामाची जागा म्हणजे अख्खं शहर: कचराकुंडी, ओढ्याकाठ, सोसायटीचा मागचा जिना, डेपो. तिचा मालक कोण, हे सांगायला कुणी तयार नाही. महापालिका म्हणते आमची कर्मचारी नाही. सोसायटी म्हणते पालिकेची असेल. भंगारवाला म्हणतो, मी तर माल घेणारा. मग ही बाई झेंडा रोवणार कुणाच्या दारात?

हे डोक्यात यायचं कारण साधं आहे. ओळखीतली एक तरुण चित्रकार मुलगी एका कार्यक्रमासाठी कचरावेचकांवर पोस्टर करत होती. पहिला कच्चा आराखडा तिने दाखवला. मधोमध वळलेली मूठ आणि मुठीत झाडू. मागे हिरव्या बाणांचं वर्तुळ. चित्र म्हणून नेटकं होतं. मी म्हटलं, यातलं एकही चिन्ह त्यांचं नाही. ती जरा चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं, कारण 'मग त्यांचं चिन्ह कोणतं?' याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा तयार नव्हतं.

झाडूचं आधी. झाडणं आणि वेचणं ही दोन वेगळी कामं आहेत. रस्ता झाडणारा पालिकेचा कामगार असतो किंवा ठेकेदाराचा; त्याच्या हातात झाडू आहे, मुकादम आहे, हजेरीचं बुक आहे. वेचणारीच्या हातात पोतं असतं आणि कुंडी उपसायला एखादी सळई. झाडणाऱ्याला घाण दृष्टीआड करायची असते. वेचणारी त्याच ढिगात उकिडवी बसून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या वेगळ्या काढते आणि तोलून विकते. तिचं काम सफाईचं कमी आणि कच्च्या मालाच्या व्यापाराचं जास्त. शहर साफ होतं ते तिच्या धंद्याबरोबर, फुकटात. झाडू हातात दिला की हा धंदा पुसला जातो आणि उरते ती 'साफ करणारी बाई'.

दुसरं कारण पुण्याचं आहे आणि ते सौम्य शब्दांत सांगता येत नाही. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याने आपली पावलं पुसत जायला कमरेला झाडू बांधायचा आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं अडकवायचं, असं डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य दलित. कितीतरी घरं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून आली. त्यांच्या झेंड्यावर, त्याच शहरात, आपण कौतुकाने झाडू काढणार? एका राजकीय पक्षाने झाडू निवडणूक चिन्ह म्हणून घेतला, तो त्यांचा प्रश्न. पुढाऱ्यांनी 2014 पासून झाडू हातात घेऊन फोटो काढले, तोही एक प्रकार आपण पाहिला. त्या फोटोत झाडू हातात घेणं हा थोरपणा ठरतो, कारण फोटो झाला की तो खाली ठेवता येतो.

स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह मात्र चांगलं आहे, हे मान्य करतो. गांधीजींचा चष्मा, काढला कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी, स्पर्धेतून निवडला गेला. चष्म्याची कल्पना अशी की देश आपल्याकडे बघतो आहे. पण त्या चष्म्यातून बघणारा नागरिक आहे आणि दिसणारी गोष्ट कचरा. कचऱ्यात हात घालणारी व्यक्ती ना काचेच्या अलीकडे आहे, ना पलीकडे.

आता ते बाण. एकामागे एक वळणाऱ्या तीन बाणांचं रिसायकलिंगचं चिन्ह 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने काढलं. स्पर्धा भरवली होती खोके आणि पुठ्ठे बनवणाऱ्या एका कंपनीने. चिन्ह इतकं सोपं आणि इतकं बिनमालकीचं की जगभर गेलं. 1988 साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने त्यासारखाच त्रिकोण उचलला, त्यात 1 ते 7 आकडे घातले आणि तो बाटल्या-डब्यांच्या बुडावर छापायला लावला. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. पण त्रिकोण बघून घेणाऱ्याला वाटतं, चला, याचं काहीतरी होतंय. काय होतंय, हे भंगाराच्या दुकानात विचारा. त्रिकोण असलेल्या कितीतरी वस्तूंना तिथे भावच नसतो: चमचमत्या चिप्सच्या पाकिटाला नाही, शाम्पूच्या पुडीला नाही, फरसाणाच्या थरथरी पिशवीला नाही. वेचणारी बाई बुडावरचा आकडा बघत नाही. दाबून, वाकवून, आवाजावरून ओळखते. बाणांचं चिन्ह सांगतं की वस्तू आपोआप फिरते. ती आपोआप फिरत नाही, दोन बाणांच्या मधल्या फटीत एक माणूस वाकलेला असतो, आणि चिन्हात नेमका तोच नाही.

ब्राझीलच्या कचरावेचकांचं घोषवाक्य या जागी बोट ठेवतं: वेचणाऱ्यांशिवायचं रिसायकलिंग म्हणजे कचराच. तिथे त्यांना 'कातादोर' म्हणतात, म्हणजे सरळ 'वेचणारा'. जून 2001 मध्ये राजधानी ब्राझिलियात त्यांची पहिली राष्ट्रीय परिषद झाली, राष्ट्रीय चळवळ उभी राहिली, आणि 2002 साली सरकारच्या व्यवसायांच्या अधिकृत यादीत 'कातादोर' हा शब्द आला. अर्जेंटिनात 'कार्तोनेरो', पुठ्ठेवाले. कोलंबियातल्या संघटनांनी 'रेसिक्लादोर' हे नाव धरलं, आणि त्यामागे एक भयंकर कारण आहे. तिथे रस्त्यावरच्या माणसांसाठी बोलीत शब्द होता 'देसेचाब्ले', फेकून देण्याजोगा. 1992 साली बार्रांकिया शहरातल्या एका विद्यापीठाच्या रखवालदारांनी कचरा वेचणाऱ्यांना पुठ्ठा-बाटल्या नेण्याचं आमिष दाखवून आत घेतलं आणि मारून टाकलं. प्रेतं शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी. एकजण मेल्याचं सोंग करून निसटला आणि पोलिसांपर्यंत पोचला, म्हणून हे उघडकीला आलं. 1 मार्च हा कचरावेचकांचा जागतिक दिवस त्या हत्याकांडाची आठवण आहे. शब्द किती लांब जाऊ शकतो ते यात दिसतं. माणसाला फेकण्याजोगा म्हणायची सवय झाली की कुणीतरी एक दिवस तो शब्द अक्षरशः खरा करतो.

मराठीत आपल्याकडे 'कचरेवाली' आहे. बेल वाजली की घरातून आवाज येतो, "बघ गं, कचरा आला." कचरा घ्यायला बाई आलेली असते, आपण म्हणतो कचरा आला.

म्हणून मला पुण्यातल्या संघटनेच्या नावाचं फार अप्रूप आहे. मे 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं, आठशेहून अधिक जण आले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्याआधी एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या, लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचं नाव त्यात पुढे येतं, कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला म्हणून गेल्या होत्या आणि मुलांच्या मागोमाग त्यांच्या आयांपर्यंत पोचल्या. आता हे नाव नीट वाचा. कागद, काच, पत्रा. यात 'कचरा' नाही. घरात आपण ज्याला कचरा म्हणतो त्याला ही संघटना पहिल्या तीन शब्दांत मालाची नावं देते आणि मग चौथ्या शब्दात माणूस येतो, तोही कष्टकरी म्हणून. गरीब, वंचित, उपेक्षित यांपैकी एकही विशेषण नाही. लयही बघा, 'डबा-बाटली-रद्दी' अशी आरोळी ऐकत वाढलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

महाराष्ट्राला कामावरून नाव पाडायची परंपरा आहे. 'माथाडी' हा शब्द माथ्यावरून आला आणि 1969 साली थेट कायद्याच्या नावात जाऊन बसला. पण माथाडी नाव शरीराचं आहे, ओझं वाहणाऱ्या डोक्याचं. 'कागद काच पत्रा' नाव मालाचं आहे, आणि मला वाटतं या बाबतीत ते एक पाऊल पुढचं आहे. शरीरावरून ओळखल्या जाण्याचा या बायकांना पिढ्यान् पिढ्या पुरेसा अनुभव होता. कागदाला जात चिकटत नाही. एका वस्तीत निळा झेंडा, पलीकडच्या वस्तीत पिवळा, त्याच्या पुढे भगवा. प्रत्येकीचं आपापल्या जयंतीच्या मिरवणुकीत मन गुंतलेलं, आणि ते गुंतू नये असं कुणी म्हणायचं कारण नाही. पण ढिगाऱ्यावर बसून तोलताना पत्रा तो पत्रा. सगळ्या झेंड्यांखालच्या बायकांना एकत्र बसवणारं नाव हवं होतं, ते त्यांनी तराजूत शोधलं.

तरीही नाव म्हणजे निशाण नव्हे. निशाण दिसावं लागतं. गेट नसलेल्या कामगाराचं निशाण बांबूवर लावता येत नाही, ते अंगावर वागवावं लागतं. पुण्यात ते काम एका छोट्या पुठ्ठ्याने केलं: ओळखपत्राने.

हसू नका. ज्याच्या पाकिटात आधार, पॅन, बँकेची दोन कार्डं आणि कंपनीचा पट्टा आहे त्याला ओळखपत्राचं महत्त्व कळणं कठीण. पहाटे पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, हा हिशेब पोलिसांच्या आणि वॉचमनच्या डोक्यात पक्का होता. एखाद्या इमारतीतून नळ गेला, तार गेली, की पहिली धरपकड हिची. पोत्यातला पत्रा कुठून आणला, याचा पुरावा ती काय देणार? कचऱ्याची पावती नसते. पंचायतीने सभासदांना फोटोचं ओळखपत्र दिलं आणि 1990 च्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने त्याला मान्यता दिली. ही बाई कचरा वेचते, हे तिचं काम आहे, असं पहिल्यांदा कुठल्यातरी सही-शिक्क्याखाली लिहिलं गेलं. केंद्राच्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांच्या संघटनांना ओळख द्या असं पालिकांना सांगितलं गेलं ते 2016 साली. मधली वीस वर्षं एक पुठ्ठा पुढे होता.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. सरकारी शिक्क्याला मान तुकवणं हे कसलं चळवळीचं निशाण? लाल बावटा कुणाच्या परवानगीने फडकला नव्हता. उलट ओळखपत्र तर लगामही होतं: कार्ड असेल तीच खरी वेचक, बाकीच्या घुसखोर. काल वीस किलोमीटरवरून आलेली, कुठल्याच यादीत नसलेली बाई आता वॉचमनच्या दृष्टीने दुप्पट चोर ठरते. हे घडतं. यावर 'सगळ्यांना सभासद करा' एवढंच उत्तर मला सुचतं, आणि ते अपुरं आहे.

पण शिक्क्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. कार्ड आधी संघटनेने दिलं, पालिकेने त्याला नंतर मान्यता दिली. कार्डावर आधी पंचायतीचं नाव आहे, म्हणजे बाई आधी आपल्या माणसांची सभासद, मग शहराची कुणीतरी. हाच फरक मला गणवेशात हरवताना दिसतो. हल्ली कुठल्याही शहरात बघा, कचरा गोळा करणाऱ्यांच्या अंगात चकचकीत पट्ट्यांचं जाकीट असतं. पाठीवर पालिकेचं चिन्ह, कधी अभियानाचं, कधी जाकीट देणाऱ्या कंपनीचं. जाकीट हवंच, वाहनं अंगावर येतात. पण ज्याच्या पाठीवर तीन संस्थांची नावं आहेत आणि तिघींपैकी एकही त्याला आपला म्हणत नाही, तो फिरता फलक झाला, झेंडा घेतलेला कामगार नव्हे.

आणि मग गौरव. स्वच्छतादूत. कोविड योद्धा. स्वच्छता सर्वेक्षणाच्या दिवसांत भिंतीवर रंगवलेली हसरी मावशी. गौरवाला माझा विरोध नाही, पण गौरव आणि मोबदला यांचं आपल्याकडे व्यस्त प्रमाण दिसतं. 2001 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या कचरावेचकांची पाहणी झाली, तिच्यात एक हिशेब होता: प्रत्येक वेचणारी महिन्याला 246 रुपयांचं काम पालिकेसाठी फुकट करते. म्हणजे तिने उचलला नसता तर तेवढा कचरा वाहून नेऊन टाकायला पालिकेला खर्च आला असता. माझ्या मते हा आकडा कुठल्याही भित्तिचित्रापेक्षा जास्त बोलका आहे. पालिकेने सभासदांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला घेतला तो अशा हिशेबाच्या जोरावर, कुणाला गहिवर आला म्हणून नव्हे. 2008 साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, घरटी महिन्याचं शुल्क घेऊ लागली, आणि त्या कराराच्या मुदतवाढीसाठी त्याच मावशांना पुन्हा पुन्हा पालिकेसमोर उभं राहावं लागलं. भिंतीवरचं चित्र काही मुदतवाढ मागत नाही.

प्रतिमेची ताकद मी नाकारत नाही. 1 जानेवारी 2023 ला ब्राझीलमध्ये लुला तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा मावळत्या अध्यक्षांनी सत्तेचा पट्टा द्यायला थांबण्याऐवजी देशच सोडला होता. तो हिरवा-पिवळा पट्टा लुलांच्या खांद्यावर चढवला आलिने सौझा या कचरा वेचणाऱ्या तरुणीने; तिची आई आणि आजीही हेच काम करत. मी तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पण तो भिडतो याचं कारण त्यामागे वीस-बावीस वर्षांची संघटना, व्यवसायांच्या यादीतला शब्द आणि 2010 चा घनकचरा कायदा आहे. हे मागचं काढून टाकलं तर उरतो फक्त एका पुढाऱ्याचा गरिबाबरोबरचा फोटो, आणि असे फोटो आपल्याकडे पोत्याने आहेत.

आता पुन्हा गेटाकडे येतो. या बायकांना गेट नाही असं मी वर म्हटलं. एकदा मात्र त्यांनी ते शोधून काढलं होतं. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडे, ओल्या कचऱ्यात कालवलेले, हाताने वेगळे काढावे लागत. या विषयावर चारचौघात बोलायची लाज घरातल्यांना, आणि ते उचलायची पाळी हिच्यावर. 2013 मध्ये महिला दिनाच्या सुमारास 'स्वच्छ'च्या बायकांनी असे वापरलेले नॅपकिन पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल, घ्या. 2016 च्या नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पाकीट द्यावं अशी अट आली. पुढे घराघरांत सांगितलं गेलं की वापरलेला नॅपकिन कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला न उघडता कळेल.

तो लाल ठिपका मला या चळवळीच्या सगळ्या चिन्हांत उजवा वाटतो. तो काढायचा नागरिकाने. स्केचपेनने, आपल्या स्वयंपाकघरात, दहा सेकंदांत. त्यात कुणाचा गौरव नाही, उपकार नाही, उलट पुढच्या माणसाचे हात आपल्याला दिसतात एवढी कबुली आहे. बाकी सगळी निशाणं कामगाराने वागवायची आणि आपण बघायची असतात. हे उलटं आहे. किती घरं तो काढतात? माझ्या इमारतीतलं सांगतो. जिन्यातल्या सूचनाफलकावर कागद लागला, दोन महिने ठिपके दिसले, मग कागद पंख्याच्या दुरुस्तीच्या जाहिरातीखाली गेला.

आणि कंपन्यांचं गेट? तेही पुन्हा लांब गेलंय. 2022 पासून प्लॅस्टिकच्या वेष्टनासाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीचे नियम आहेत. तुम्ही बाजारात जेवढं प्लॅस्टिक आणता त्या हिशेबात तेवढ्याची विल्हेवाट दाखवा. दाखवायची कशी, तर नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं घेऊन. प्रमाणपत्रावर टन असतात, प्रक्रिया करणाऱ्याचं नाव असतं, कंपनीचं नाव असतं. ते टन पहिल्यांदा ज्या हातांनी ढिगातून उचलले त्यांच्यासाठी रकाना नाही. पैसा कंपनीकडून कारखान्याकडे जातो. भंगाराच्या दुकानात दुधाच्या पिशवीचा किलोचा भाव त्याने वाढला का, हे विचारायला कुठलं दार ठोठावायचं ते कुणी सांगत नाही. कागद काच पत्र्याच्या झेंड्याला पुढची लढाई करायची असेल तर ती या रकान्यासाठी करावी लागेल, असं मला वाटतं. ओळखपत्रावरचा सभासद क्रमांक त्या प्रमाणपत्रावर छापायला लावणं, इतकी कोरडी, कारकुनी मागणी.

पोस्टरवाल्या मुलीने पुढे झाडू काढून टाकला. बाण ठेवले, पण तीनाच्या जागी दोनच, आणि मधल्या फटीत पोत्याचं तोंड आवळणारे दोन हात. खाली कोपऱ्यात लाल ठिपका. छपाईवाल्याचा फोन आला, "मॅडम, कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय, काढू का?"